घटपर्णी घ्यायचीय, मुंबईच्या बाल्कनीत कुठली टिकेल?

ठाण्यात राहतो, पूर्वेची बाल्कनी, सकाळचं ऊन दोन-तीन तास. नेपेंथिस (घटासारख्या पानांत किडे पकडून पचवणारी घटपर्णी) घ्यायची खूप इच्छा आहे, फोटोत तिची राजा नावाची जात बघितली आणि वेडच लागलं, पण इथल्या उकाड्यात जमेल का? तुमची आवडती कुठली?

कुंडीवाला: राजा विसर भावा. ती बोर्निओतल्या किनाबालू डोंगरावरची, तिला रात्री गारवा लागतो, आपल्याकडे मे महिन्यात एसी लावून बसणार का तिच्यासाठी? व्हेंट्राटा घे, व्हेंट्रिकोसा आणि अलाटाचा संकर आहे, जवळपास काहीही सहन करते.

मॉसप्रेमी: +१ व्हेंट्राटा. पण माझी खरी लाडकी अँप्युलारिया, सखल दमट जंगलातली, त्यामुळे मुंबईची हवा तिला मानवते. बुटके गोल घट मॉसमधून गठ्ठ्याने वर येतात, आणि गंमत म्हणजे वरून पडलेला पालापाचोळा पण पचवते, निम्मी शाकाहारीच म्हणा ना 😄

पुणेकर_झाडं: आपली खासियाना कोणीच नाही म्हणालं? मेघालयातली, भारतात जंगलात सापडणारी ही एकच नेपेंथिस. फक्त जंगलातून उपटलेली घेऊ नका, नर्सरीत वाढवलेली आहे का ते विचारा, सायटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक निर्बंधांच्या परिशिष्टात आहे ती.

कुंडीवाला: आणि हो, बोअरचं पाणी नको, पावसाचं नाहीतर आरओचं. कोकोपीट असेल तर धुऊन धुऊन खारटपणा काढ, त्यात परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) मिसळ, शेणखत अजिबात नको. घट येत नसतील तर आधी उजेड आणि दमटपणा बघ, माश्या भरवत बसू नको.

ठाणेकर: ओके, व्हेंट्राटाच घेतो मग. अँप्युलारिया पावसाळ्यात बघू.