लवाद, मध्यस्थ आणि पंच

मध्यस्थ आणि लवाद हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील असे मत कधी कधी मांडले जाते. बोलण्यात ते खपून जाईल, परंतु करारनाम्यात मात्र त्याने घोटाळा होईल. मध्यस्थ दोन्ही पक्षांना तडजोडीपर्यंत आणू शकतो, पण ती त्यांच्यावर लादू शकत नाही, आणि 2023 च्या मध्यस्थी कायद्याचीही हीच भूमिका आहे. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो आणि 1996 च्या लवाद कायद्यानुसार त्या निवाड्याची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे करता येते, मग तो हरलेल्या पक्षाला पटो वा न पटो.

अर्थात मराठीने 'लवाद' हा शब्द जरा सैल हाताने वापरला आहे, हेही मान्य करायला हवे. 1969 साली नेमलेल्या कृष्णा पाणीवाटपाच्या मंडळाला आपण सर्रास लवाद म्हणतो, पण ते केंद्र सरकारने कायद्यान्वये नेमलेले होते, वादी राज्यांनी आपसांत ठरवून निवडलेले नव्हते. त्यामुळे तेथे 'न्यायाधिकरण' हा शब्द अधिक काटेकोर ठरतो (वृत्तपत्रांच्या मथळ्यात तो मावत नाही, ही गोष्ट वेगळी).

'पंच' या शब्दाची गंमत तर आणखी निराळी आहे. मैदानावरचा पंच जागच्या जागी निर्णय देतो, गावचे पंच तंटा तोडतात, पण पंचनाम्यावर सही करणारे पंच काहीच ठरवत नाहीत, ते केवळ साक्षीदार असतात.