जुन्या कॅसेट आणि पोस्टरं कशी टिकवायची?

जुनाखजिना: माळा आवरताना कॅसेटचं खोकं आणि सिनेमाची पोस्टरं सापडली, एकाचा घडीवरचा रंग पार उडालाय, मागे चिकटपट्टीचा पिवळा डाग, लॅमिनेट करून टाकू का?

कागदकिडा: अजिबात नको! लॅमिनेशन नंतर काढता येत नाही. पीव्हीसीच्या कव्हरात पण नको, त्यातून ॲसिड सुटतं. पॉलिएस्टरचं घ्या, उन्हापासून लांब ठेवा. आणि ती चिकटपट्टी स्वतः ओढू नका हां.

रीळवाला: कॅसेट उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालूच नका, हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि मग पुढच्या कॅसेटलाही.

जुनाखजिना: बायको म्हणतेय भंगारात दे 😅

कागदकिडा: क्रोएशियात झाग्रेबला मोडलेल्या नात्यांचं म्युझियम आहे, २०१० पासून, लोकांनी दिलेल्या असल्याच वस्तू. बघा, खोकं तिथे जायची वेळ आणू नका 😂