इंडक्शन शेगडीवर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर का चालत नाही?

माशेलची सून
पावसात सिलिंडरचे हाल नकोत म्हणून इंडक्शन शेगडी घेतली. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर ठेवला की टूं-टूं करून बंद पडते. सासूबाईंचा जुना, जाड स्टीलचा टोप चालत नाही, आणि मी परवा आणलेला स्वस्तातला पातळ टोप मात्र छान चालतो! जाळ नाही, लाल तार नाही आणि तरी पेज उकळते, म्हणून सासूबाई तिच्याजवळ फिरकत नाहीत. म्हणतात, करंट पेजेत उतरतो. आत नेमकं होतं काय? शाळेतलं फॅरडे हे नाव तेवढं आठवतंय.

पर्वरीकर
चुंबकाने तापतं. बुडाला चुंबक चिकटला तर भांडं चालेल, नाहीतर नाही. विषय संपला.

वायंडिंगवाला, डिचोली
परीक्षा बरोबर, कारण अर्धवट. नुसत्या चुंबकाने काही तापत नाही. फ्रिजला चिकटवलेला चुंबक वर्षानुवर्षं तिथेच असतो, दार तापतं का? चुंबकीय क्षेत्र बदलत राहायला हवं. फॅरडेने 1831 च्या ऑगस्टमध्ये लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी, दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसुई. बॅटरी चालू असेतो सुई ढिम्म. हलली, म्हणजे दुसऱ्या वेटोळ्यात वीज आली, ती फक्त जोडताना आणि तोडताना, तीही उलटसुलट. सगळी मेख तिथे आहे.

मोटारीतही हेच होतं. माझा धंदा पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचा, म्हणजे वायंडिंगचा. कुळागरांतले (पोफळीच्या बागांतले) पंप येतात, बहुतेक व्होल्टेज पडून वायंडिंग जळालेले. उघडलं की जळक्या व्हार्निशचा वास दिवसभर हाताला. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि हमखास विचारतं, मधल्या रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, वायर कुठून येते? येतच नाही. तांब्याची तार सगळी बाहेरच्या स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर भागात. रोटर म्हणजे लोखंडी पत्र्यांची चळत, तिच्या खाचांत ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कांबी, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या. स्टेटरचं क्षेत्र गोल फिरतं, कांबींवरून सरकतं, त्यांच्यात वीज उपजते आणि रोटर त्या क्षेत्रामागे ओढला जातो.

पंपाची प्लेट वाचून बघा. चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटार असेल तर 1440 च्या आसपास आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, लिहिलेले असतात. 50 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं करणाऱ्या घरच्या विजेवर, क्षेत्र फिरतं 1500 ने. मधले 60 कुठे गेले? रोटरने क्षेत्राला गाठलं तर त्याच्यापुरतं काही बदलतच नाही. वीज थांबली, जोर संपला. म्हणून तो कायम थोडा मागे राहतो. पाणी चढतं ते त्यामुळेच.

शेगडीत काचेखाली तारेचं चपटं वेटोळं असतं. घरची 50 हर्ट्झची वीज आतलं सर्किट सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट करतं. टोपाच्या बुडात वीज गोलगोल फिरते आणि बूडच तापतं. काच गरम होते ती टोपाच्या धगीने. सासूबाईंना सांगा, ती वीज बुडातल्या बुडात फिरते, पेजेला फक्त उष्णता मिळते. घरात कुणाला पेसमेकर असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

माशेलची सून
थांबा हं. रोटरच्या कांबी अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि त्यांत वीज होते. मग माझ्या कुकरने काय घोडं मारलंय?

वायंडिंगवाला, डिचोली
ताई, बरोबर पकडलंत. अ‍ॅल्युमिनियमात वीज होते, झकास होते. पण त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी, त्यामुळे उष्णता फारशी निघत नाही. रोटरमध्ये आम्हाला तेच हवं असतं: जोर हवा, ताप नको. चुंबक चिकटणाऱ्या लोखंडात इतक्या वेगाने उलटणारी वीज आत शिरत नाही, बुडाच्या अगदी पातळ थरात दाटते. वाट अरुंद, रोध जास्त, म्हणून बूड सणसणीत तापतं. कुकर ठेवल्यावर शेगडीला कळतं की योग्य भांडं वर नाही, आणि ती स्वतःच बंद होते. बिघाड नाही तो.

मास्तर, फोंडा
टोपाचं मी सांगतो. सासूबाईंचा टोप बहुधा 18/8 स्टीलचा असेल, म्हणजे 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. ह्या स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. स्वस्तातल्या पुष्कळ भांड्यांत निकेल नसतं, त्यांना चिकटतो. टोप त्यांचाच भारी आहे, हे त्यांना जरूर सांगा.

माशेलची सून
सांगितलं. आज स्वतः बटण दाबलं त्यांनी! आता म्हणतात, घावनाचा लोखंडी तवा खाली ठेवून त्यावर कुकर ठेव.

वायंडिंगवाला, डिचोली
चालेल, पण रडतखडत. आधी तवा तापणार, मग कुकर, आणि तव्याच्या धगीने काच इतकी तापेल की शेगडी मधेच बंद होईल. अ‍ॅल्युमिनियमच्याच कुकरला खाली स्टीलची चकती बसवलेली मिळते, ‘इंडक्शन बेस’ म्हणून मागा. दुकानात जाताना फ्रिजवरचा चुंबक खिशात असू द्या.