तीन तासांचं लग्न एका डीव्हीडीत: लूट की गणित?

शूटिंगवाला_सांगली
काल बोरीबंदर यांनी लिहिलं की १९९५च्या लग्नाच्या ३ तासांच्या कॅसेटच्या दुकानदाराने दोन डीव्हीडी केल्या आणि दुप्पट पैसे घेतले, ही सरळ लूट आहे. शिवाय पुढे, "भाच्याने बनवलेली ७०० एमबीची एमपी४ मी घरी डीव्हीडीत कन्व्हर्ट केली तर ४ जीबी झाली, म्हणजे क्वालिटी सहापट वाढली." हे वाचून चहा थंड झाला माझा. वीस वर्षं हेच करतोय म्हणून लिहितो. अहो, ती एमपी४ एच-२६४ या नव्या, कमी जागेत बसणाऱ्या कॉम्प्रेशनमधली, आणि डीव्हीडी प्लेयरला एमपेग-टू लागतं, ते जुनं कॉम्प्रेशन आहे, तेवढ्याच चित्राला जास्त जागा खातं. पातळ ताक मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून त्याचं दही होतं का? उलट दुसऱ्यांदा कॉम्प्रेस झालं म्हणून थोडं बिघडलंच असणार.
आता दोन डीव्हीडींचं. साइज म्हणजे बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) गुणिले वेळ, बास. ४.७ जीबीत (कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो, तेव्हाही लोक मलाच चोर म्हणतात) दीड तास टाकला तर साधारण साडेसहा-सात एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळतात, तीन तास कोंबले तर साडेतीनच्या आत. मग अंतरपाट खाली आला आणि अक्षता उडाल्या की नवरा-नवरी गायब, नुसते चौकोन नाचतात स्क्रीनवर.

बोरीबंदर
आले दुकानदारांचे वकील! मग दुकानात मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीत तीन तासांचा पिक्चर एकाच तबकडीवर चकाचक दिसतो तो कसा? तिथे तुमचं गणित सुट्टीवर जातं वाटतं.

शूटिंगवाला_सांगली
त्या बहुतेक डबल लेयर असतात, म्हणजे एकाच बाजूला डेटाचे दोन थर, ८.५ जीबीच्या. कोरी डबल लेयर किती महाग पडते आणि जुन्या प्लेयरमध्ये कशी अडकते ते एकदा करून बघा, मग बोलू.

दोन_पास
दोघंही चुकताय. सोर्स व्हीएचएस आहे हो, जुनी व्हिडिओ कॅसेट! त्यात आडव्या जेमतेम २४० लाइन्सचा तपशील असतो, ७२० बाय ५७६ पिक्सेल करून काय मिळणार? ३५२ बाय ५७६ ठेवा (हाफ डीवन म्हणतात त्याला), कॅसेटची खरखर आधी फिल्टर करा (निम्मा बिटरेट ती मुंग्यांची वारूळंच खातात), टू-पास व्हीबीआर करा (आधी सगळं तपासून मग गरजेप्रमाणे कुठे जास्त, कुठे कमी बिटरेट), तीन तास एका डीव्हीडीत छान बसतात. पण दुकानात पाल-डीव्हीडीचं (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचं) तयार बटण दाबून ६००० केबीपीएसवर, म्हणजे सहा एमबीपीएसवर, सोडून द्यायची सवय, कोण डोकं लावणार.

शूटिंगवाला_सांगली
हाफ डीवन व्हीएचएसला चालतं, मान्य. पण गिऱ्हाईक ते ५५ इंची टीव्हीवर लावतं आणि रात्री साडेदहाला फोन मला येतो, तुम्हाला नाही.

सोऱ्या_चकलीचा
बिटरेट घाला चुलीत. तुम्ही लोक मंगलाष्टकांवर सिनेमाची गाणी का टाकता ते सांगा आधी. २००६ला माझं लग्न झालं, शेवटचं मंगलाष्टक बाबांनी स्वतः रचून म्हटलं होतं, मध्ये आवाज दाटला तर गुरुजी थांबले, सगळा हॉल थांबला. डीव्हीडीत काय, तर बाबांचे ओठ हलतायत आणि वर सनई-ढोलवालं फिल्मी गाणं, भोवती गुलाबी बदाम. मूळ टेप मागायला गेले तर म्हणे त्यावर पुढच्या आठवड्यातली मुंज शूट केली. बाबा आता नाहीत. क्वालिटी म्हणे!

फास्ट_लोकल
+१. आमच्याकडे आजीचा उखाणा कापला आणि कार पार्क होतानाचा सीन तीन वेळा, तोही स्लो मोशनमध्ये.

शूटिंगवाला_सांगली
ताई, वाईट वाटलं. पण तेव्हा डीव्ही टेप (डिजिटल कॅमेऱ्याची कॅसेट) कॉम्प्युटरवर घेतली की तासाला १३ जीबी व्हायची आणि माझी हार्डडिस्क ८० जीबीची, दोन लग्नांत भरायची. टेप परत वापरायचे सगळेच. आणि गाणी आम्ही टाकत नाही, लोक यादी लिहून देतात!

सोऱ्या_चकलीचा
मी कुठलीही यादी दिली नव्हती. "सगळेच करायचे" हे उत्तर झालं का?

दोन_पास
शिवाय डीव्हीडीत आठपर्यंत ऑडिओ ट्रॅक ठेवता येतात. मूळ आवाज दुसऱ्या ट्रॅकवर १९२ केबीपीएसने टाकला तर तीन तासांना २६० एमबीच लागतात. रिमोटचं एक बटण दाबलं की बाबांचा आवाज. हे का नाही केलं कुणी?

शूटिंगवाला_सांगली
कारण आठशे रुपयांत अल्बम, डीव्हीडी आणि वर दोन कॉप्या मागणारे तुमच्यासारखेच होते! एसी खोलीत बसून शहाणपणा शिकवणं सोपंय.

दोन_पास
मुद्दा संपला की खोलीचा एसी निघतो.

शूटिंगवाला_सांगली
बरं बाबा. दुसरा ट्रॅक सुचायला हवा होता, नाही सुचला. झालं समाधान?

बोरीबंदर
माझ्या धाग्यावर लग्नं लावून झाली असतील तर एक विचारतो. ताक-दही कळलं, क्वालिटी वाढत नाही, ठीक. पण माझ्या दुसऱ्या डीव्हीडीत नुसत्या जेवणाच्या पंगती आहेत, पाऊण तास जिलबी वाढतायत. त्याचे पैसे मी का द्यायचे?

शूटिंगवाला_सांगली
पंगत कापून बघा एकदा. तुमचे मामाच येतील भांडायला.

बोरीबंदर
मामांना विचारून सांगतो. हाफ डीवनमध्ये एकात करून द्यायचे किती घ्याल?