मोबाईल टॉवरवर चढणाऱ्यांचं काय?

तापीकाठचा: १४ वर्षं झाली टॉवरवर चढतोय, चाळीसगावपासून रावेरपर्यंत. गावात टॉवर आला की लोक कॅन्सर कॅन्सर करत मोर्चा काढतात, पण जो माणूस अँटेनाच्या पॅनलच्या हातभर समोर बेल्ट अडकवून अर्धा अर्धा तास नट आवळतो त्याला कोणी विचारत नाही. नियमाने त्या सेक्टरची, म्हणजे त्या बाजूच्या अँटेनाची, पॉवर बंद करूनच चढायचं असतं, पण ऑफिसातून फोन येतो, साईट डाऊन करू नको, पाच मिनिटाचं काम आहे. मे महिन्यात लोखंडाने हात भाजतो, कपाळ तापतं, आता ते उन्हाने का अँटेनाने, कसं कळणार भो? निदान वर्षातून एकदा डोळे तरी तपासा आमचे.

भुसावळकर: भाऊ, उगाच घाबरवू नका. टॉवरच्या या रेडिओ लहरींत डीएनए तोडायची ताकदच नाही, एक्स-रे वेगळा. आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) कॅन्सर संशोधन संस्थेने, २०११ मध्ये त्यांना २बी गटात टाकलं म्हणजे 'कदाचित कॅन्सर होत असेल' एवढंच, त्याच गटात आशियातल्या खारवलेल्या भाज्याही आहेत. आणि २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा भाग केली आपल्याकडे.

केळीवाला: आजी रोज लोणचं खायची, नव्वदी गाठली 😀

तापीकाठचा: ती मर्यादा खाली राहणाऱ्या पब्लिकसाठी हो. मी कॅन्सर म्हणतच नाहीये, तापण्याचं बोलतोय. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात, उष्णता वाहून न्यायला काहीच नाही, सशांवर जोरदार मायक्रोवेव्ह सोडले तेव्हा मोतीबिंदू झालेला आहे.

एमआयडीसीवाला: जळगावात प्लॅस्टिक वेल्डिंगच्या मशीनवर होतो, तीही रेडिओ लहरींनीच तापवते, २७.१२ मेगाहर्ट्झच्या. हात दिवसभर इलेक्ट्रोडजवळ, गार्ड काढून ठेवलेलं कारण त्याने माल कमी निघतो. संध्याकाळी बोटांना झिणझिण्या. टॉवरच्या नावाने बोंबलणाऱ्या एकालाही हे मशीन माहीत नाही.

भुसावळकर: गार्ड काढलं, पॉवर चालू ठेवली, ही मालकाची चूक झाली, लहरींचा काय दोष? डब्ल्यूएचओने करून घेतलेला २०२४ चा आढावा बघा, मोबाईल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध नाही सापडला. आणि डोळे तपासून काय मिळणार, खानदेशातल्या उन्हाने शेतकऱ्यालाही मोतीबिंदू होतो, कशाने झाला ते डॉक्टर कसं सांगणार?

तापीकाठचा: तो आढावा मुख्यतः फोन कानाला लावणाऱ्यांचा, कामाच्या ठिकाणचे पुरावे कच्चे असं त्यातच लिहिलंय. आणि कामाला लागताना एकदा तपासलं असतं तर आज सांगता आलं असतं ना! उद्या एरंडोलला चढायचंय, पॉवर बंद केल्याचा मेसेज आल्याशिवाय खालीच बसतो, बघू कोणाचा फोन येतो.