बार्सिलोनात आठ दिवसांसाठी फ्लॅट घ्यायचाय, मालक थेट पैसे मागतोय

राजारामपुरीकर: मंडळी, मे मध्ये आईबाबांना घेऊन बार्सिलोनाला चाललोय, हॉटेलपेक्षा किचनवाला फ्लॅट बरा कारण बाबांना रोज आमटी-भात लागतोच आणि आईनं कांदा-लसूण चटणीचा डबा आत्ताच बाजूला काढून ठेवलाय. एक फ्लॅट लै आवडलाय पण मालक म्हणतोय अ‍ॅपवरनं नको, थेट बँकेत पाठवा, स्वस्तात देतो. पाठवू का?

रंकाळ्याचा_वारा: अजिबात नको भावा! माझे असेच गेलेत, फोटो दुसऱ्याच घराचे होते. अ‍ॅपच्या बाहेर पैसे गेले की दाद कुणाकडं मागणार?

शाहूपुरीची_लेक: दादा, आधी लायसन्स नंबर मागा, तिथल्या टुरिस्ट फ्लॅटचा नंबर एचयूटीबी (HUTB) या अक्षरांनी सुरू होतो. नोव्हेंबर 2028 पर्यंत ही लायसन्सं बंद करणार असं पालिकेनं 2024 लाच जाहीर केलंय, भाडी इतकी वाढलीत की गावातल्याच माणसांना घर मिळेना, त्यांचंही खरंच आहे. टुरिस्ट टॅक्स माणशी, रात्रीप्रमाणे वेगळा पडतो. आणि लिफ्ट नक्की विचारा, जुन्या इमारतीत तळमजल्याच्या वर 'एन्त्रेसुएलो' नावाचा मजला, मग 'प्रिन्सिपाल' नावाचा, त्याच्यावर 'पहिला' मजला, म्हणजे आपला तिसरा!

रंकाळ्याचा_वारा: व्हिसाला राहण्याचा पुरावा लागतोय, आणि व्हिसा नाही मिळाला तर पैसे अडकायला नकोत, तवा फ्री कॅन्सलेशनवालंच घे.

राजारामपुरीकर: ताई, बरं झालं सांगितलंसा, आईचे गुडघे दुखतात. नंबर मागितला तर कालपासनं उत्तरच नाही. सोडला तो फ्लॅट, लिफ्टवाला बघतोय.