एबी की बीसी? कॅल्क्युलसचे अनुभव लिहा (मुलांचे, आणि आपलेही)

कोथिंबीरवडी:
काल रात्री भांडी आवरताना धाकटीने फॉर्म पुढे केला, पुढच्या वर्षीचे विषय, पालकांची सही इथे. गणितासमोर दोन चौकोन, एपी कॅल्क्युलस एबी आणि एपी कॅल्क्युलस बीसी (एपी म्हणजे इकडे अमेरिकेत शाळेतच करायचा कॉलेजच्या पातळीचा विषय, बीसीत एबीचं सगळं आणि वर आणखी), दोन्ही रिकामे. आणि मला सहा वर्षांपूर्वीचा थोरल्याचा ऑक्टोबर आठवला. तेव्हा बीसीवर टिक मीच करायला लावली होती, कारण काय तर पॉटलकला येणाऱ्या सगळ्यांची मुलं बीसीत. पहिल्या टेस्टला ५८. तो पेपर टेबलावर उलटा घालून वर पाण्याचा ग्लास ठेवून बसला होता, मी ग्लास उचलला तर खाली ओला गोल आणि त्यात लाल शाई फुटलेली. मग काउन्सिलरला मेलवर मेल, एबीचा तास नेमका बँडच्या वेळेला. एबी मिळालं, बँड गेला. मे मधल्या एपी परीक्षेत ५ पैकी ५ आला म्हणा, पण क्लॅरिनेट अजून कपाटात पडलंय.
तुमच्याकडे कसं ठरलं? मला शुक्रवारपर्यंत सही करायचीय.

थर्मास:
बीसीच!! बीसीच्या पेपरात एबीचा सबस्कोअर (एबीपुरत्या भागाचा स्कोअर) वेगळा येतो. आमचीला बीसीत ३ नि सबस्कोअर ४, कॉलेजने त्यावर एका सेमिस्टरचं क्रेडिट दिलं. अगदीच बुडत नाही हो.

डोंबिवली_फास्ट_लेन:
क्रेडिट मिळालं म्हणून आमचे चिरंजीव थेट कॅल्क टू ला (कॉलेजातलं पुढचं कॅल्क्युलस) बसले आणि तिथे आपटले. परत फी भरली ती वेगळीच. असो, पोळ्या लाटतेय, नंतर लिहिते.

भिजलेली_छत्री:
सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. फोनवर नणंदेला सांगत होत्या, "अगं नातू भिशी लावतोय, शाळेतच, खूप अवघड असते म्हणे". पलीकडून प्रश्न, "कितीची?"

कोथिंबीरवडी:
😂😂 @भिजलेली_छत्री

एम_टू_केटी:
माझी आयडीच बघा, इंजिनीअरिंगला मॅथ्स टू मध्ये केटी (म्हणजे नापास), मी काय सल्ला देणार. पण एक सांगतो, एबी नि बीसी मधला खरा फरक म्हणजे सिरीज. बीसीतलं बाकीचं, पार्ट्स, पोलर वगैरे निभतं. लेक रात्री अकराला येऊन म्हणे बाबा, १ + १/२ + १/३ + १/४… टर्म लहान लहान होत शून्याकडे जाते तरी बेरीज अनंत कशी? मी आधी चहा ठेवला (वेळ काढायला). मग आठवलं, १/३ नि १/४ मिळून अर्ध्याच्या वर, पुढचे चार मिळून परत अर्ध्याच्या वर, त्यापुढचे आठ मिळून परत, अर्धे संपतच नाहीत. ती नुसतं "ओह" म्हणाली आणि गेली. इंजिनीअरिंग वसूल झालं माझं त्या दिवशी, केटीसकट.

मळ्यातली_मका:
आम्ही नेब्रास्कात, शाळेत बीसी नाहीच, त्यामुळे भांडणही नाही. मुलाने बीसीतली टेलर सिरीज घरी व्हिडिओ बघून केली. हौस हो, बाकी काही नाही.

पेठेतला:
मी पुण्यात, माझा काही संबंध नाही, पण परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतो??? आम्हाला बारावीला लॉगटेबल देत होते, तेही आधीच्या बॅचने पेन्सिलने रंगवलेलं.

थर्मास:
@पेठेतला सगळीकडे नाही हो. मोठे प्रश्न सहा, त्यातल्या दोनलाच चालतो. आणि इंटिग्रेशनच्या उत्तरात शेवटी +सी (कॉन्स्टंट) विसरलात की मार्क गेले, ते तिकडे नि इकडे सेमच.

पेठेतला:
+सी चं नाव काढू नका, आमच्या सरांनी त्यासाठी कान पिळलेत.

डोंबिवली_फास्ट_लेन:
पोळ्या झाल्या. तर काय सांगत होते… जाऊदे विसरले. टीआय-८४ कॅल्क्युलेटर आहे आमच्याकडे पडून, जुना बॅटरीवाला, कुणाला हवाय?

कोथिंबीरवडी:
सकाळी फॉर्म बघितला तर तिने स्वतःच एबीवर टिक केलीय. खाली ऑर्केस्ट्रापण. सही केली.

भिजलेली_छत्री:
न्यू जर्सीत आहात का तुम्ही? क्लॅरिनेट द्यायचं असेल तर आमची यंदा सहावीत गेलीय.

कोथिंबीरवडी:
एडिसनला. त्याला विचारते. नाही म्हणेल बहुतेक.